गाईची धार कोण काढतं?

साजिदाचं शेवटचं पत्र येऊन तीन महिने झाले, तेव्हा ते खरोखरच शेवटचं असावं अशी भीती मुश्ताकला वाटू लागली. पत्र लहानसंच होतं. तिने लिहिलं होतं, "तुमची तीन वर्षांची सगळी पत्रं एकापुढे एक मांडून पाहिली. सगळीकडे तेच आहे. तुम्ही खुशाल आहात, आमची खुशाली कळवा, हवा गरम आहे, काळजी नसावी. नवं काही सांगण्यासारखं असेल तर लिहा. नसेल तर तिकिटाचा खर्च वाचवा."

आता यात तिचं काय चुकलं? मुश्ताक दुबईला, देऱ्याच्या बाजारपेठेत, नूरुद्दीन शेठच्या कापडाच्या गोदामात नोकरीला होता. लग्नानंतर वर्षभराने बाणकोट खाडीकाठचं गाव सोडून तो एका वर्षासाठी म्हणून आला, आणि ते एक वर्ष लांबत लांबत तीन वर्षांचं झालं. माणूस बोलायला गोड. पण हातात पेन आलं की त्याला काही म्हणता काही सुचायचं नाही. त्यात त्याचं पत्र गावी पोचलं की त्याची आई मैमुनाबी ते ओटीवर मोठ्याने वाचून घ्यायची, आणि शेजारची मंडळी कामं टाकून ऐकायला बसायची. सगळ्या आळीला ऐकू जाणार म्हटल्यावर नवरा बायकोला लिहिणार काय? हवा गरम आहे, एवढंच.

शेवटी त्याने खैरुद्दीनचे पाय धरले. खैरुद्दीन शेठच्या पेढीवरचा कारकून. सहा जणांच्या खोलीत त्याची वळकटी मुश्ताकच्या वळकटीशेजारी असायची. त्याची इंग्रजी पत्रं सध्या देऱ्यात गाजत होती, आणि त्याचं सगळं श्रेय एका पुस्तकाला होतं. तेल शोधायला आलेला एक अमेरिकन माणूस जाताना आपली पेटी शेठच्या गोदामात सोडून गेला होता. तिच्यात हे जाडजूड पुस्तक निघालं. अमेरिकेचं राज्य नवं नवं उभं राहत होतं, तेव्हाच्या तिथल्या पुढाऱ्यांना लोकांनी लिहिलेली पत्रं त्यात छापली होती. शिंपी, व्यापारी, बियाणं विकणारे, नोकरी मागणारे भाचे, कुरकुरणाऱ्या बहिणी. पुढाऱ्याकडून ज्याला ज्याला काही हवं होतं, त्या सगळ्यांनी लिहिलं होतं. अर्धी पत्रं कामाची, अर्धी घरची.

खैरुद्दीनने कामाच्या पत्रांपासून सुरुवात केली. मुंबईच्या गिरणीच्या मॅनेजरला पॉपलिनच्या गाठींबद्दल लिहिताना त्याने शेवटी 'आपला अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेवक म्हणवून घेण्याचा बहुमान ज्यास लाभला आहे असा' अशी सही ठोकली. मॅनेजरला जन्मात कोणी असं लिहिलं नसावं. गाठी पुढच्या बोटीऐवजी आधीच्याच बोटीने आल्या, आणि शेठने खैरुद्दीनची खुर्ची दाराजवळून उचलून पंख्याखाली आणली. तेव्हापासून त्या पुस्तकावर त्याची अशी श्रद्धा बसली होती की त्यातला स्वल्पविराम बदलायलाही तो तयार नसे.

"पर्सनल लेटरचा सेक्शन वेगळा आहे," तो मुश्ताकला म्हणाला. "वाइफलाच लिहायचंय ना? काढतो. यल्ला, चल, पेन घे."

पण पानं उलटता उलटता त्याच्या कपाळाला आठी पडली. पुस्तकातली सगळी पत्रं पुढाऱ्यांना आलेली. पुढाऱ्यांनी आपल्या बायकांना काय लिहिलं, याचा त्यात पत्ता नाही. होतं ते एका बायकोचं पत्र. तिचा नवरा सरकारी कामासाठी वर्षानुवर्षं परदेशी दरबारात जाऊन बसला होता आणि तिने त्याला घरून लिहिलं होतं.

"हेच घेऊ," खैरुद्दीन म्हणाला. "बाईच्या जागी तू, नवऱ्याच्या जागी भाभी. खलास."

आणि तो एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. मुश्ताक आपल्या अक्षरात उतरवू लागला. रात्री दार मीच लावतो. छप्पर गळायला लागलं, ते मीच माणसं लावून नीट करून घेतलं. गाय दुसऱ्यांदा व्याली.

मुश्ताकने पेन उचललं. "गाय कुठली आली खैरुद्दीनभाई? आणि छप्पर गळायला इथे पाऊस कुठाय?"

"राहू दे रे. पत्राला वजन येतं. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याला चाललं, भाभीला का नाही चालणार?"

पुढे होतं : जेवायला बसलो की तुझी जागा मोकळी ठेवतो. लोक विचारतात, केव्हा येणं व्हायचं? मी हसून सांगतो, लवकरच. पण आता ते हसू पुरत नाही. ज्या कामासाठी आपण असे लांब राहिलो ते काम मोठं असेल, पण माझं आयुष्यही काही थोडं नाही. आता ये.

खरं तर त्या खोलीत सहा जण एका थाळ्याभोवती जेवायला बसत, तेव्हा मोकळी जागा सोडाच, कोपर हलवायची सोय नसे. पण मुश्ताकने या वेळी काहीच हरकत घेतली नाही. मोकळ्या जागेचं ते वाक्य त्याने सावकाश उतरवलं आणि पत्र टाकून आला.

उत्तर आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात पत्र आलं ते मैमुनाबीचं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. कोकणातल्या बाईने एकदा हिशेब जुळवायला घेतला की तो जुळल्याशिवाय राहत नाही. मैमुनाबीने लिहिलं होतं, "तू घर घेतलंस ते आम्हाला कळवलं नाहीस. दार आलं, छप्पर आलं, गाय आली. गाईची धार कोण काढतं? तुला तर काढता येत नाही, लहानपणी दोनदा लाथ खाल्ली आहेस. गाय आली म्हणजे धार काढणारी आली. आणि वर साजिदाला ये म्हणतोस ते कशाला, त्या दोघींचं शेण काढायला? मी तिला नको म्हटलं. ती ऐकत नाही. तिच्या भावाने, कमरुद्दीनने, कागदपत्रं केली आहेत. त्याच्याच बोटीने येते आहे."

कमरुद्दीन मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. ती बोट दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती.

मुश्ताक म्हणाला, सरळ खरं काय ते सांगून टाकतो. खैरुद्दीनने त्याला समजावलं की खरं म्हणजे काय, तर तू पाच जणांबरोबर एका खोलीत राहतोस आणि बायकोला गाईच्या थापा मारतोस. एवढा प्रवास करून आलेल्या बाईला धक्क्यावरच हे सांगायचं? निदान दार आणि छप्पर तरी दाखवायला हवं. मुश्ताकला ते पटलं, कारण त्या क्षणी त्याला कोणी काहीही पटवून दिलं असतं.

दोघे शेठच्या बायकोकडे गेले. कुलसुमभाभींच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती. सगळी हकीकत ऐकून भाभींनी कपाळावर हात मारला, पण खोली दिली. अट एकच घातली, की मी माझ्या तोंडाने खोटं बोलणार नाही. तिने विचारलं तर खरं सांगेन. राहता राहिली गाय. देऱ्यात ऐन वेळी गाय कुठून आणणार? खैरुद्दीन म्हणाला, शेळी चालेल, लिहिताना गडबड झाली म्हणू. ते काम त्याने आपल्या अंगावर घेतलं. खैरुद्दीन रत्नागिरीच्या भर बाजारपेठेत वाढलेला माणूस. त्याने आयुष्यात दूध पाहिलं होतं ते भांड्यातच.

सकाळी बोट बाहेर समुद्रात थांबली आणि लाँचमधून माणसं दुबईच्या खाडीतल्या धक्क्यावर उतरू लागली. साजिदा उतरली. मागून कमरुद्दीनने ट्रंक दिली, मुश्ताककडे एक जळजळीत नजर टाकली आणि ड्यूटीवर परत गेला. बोट संध्याकाळी सुटणार आहे, तोवर काय ते ठरव, असं तो बहिणीला जाता जाता सांगून गेला. ते मुश्ताकने ऐकलं. तीन वर्षांनी बायको समोर उभी होती, आणि ती राहते की जाते हे संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं.

"बारीक झालात," साजिदा म्हणाली. तो तिला कुलसुमभाभींच्या घरी घेऊन गेला.

माडीवर गेल्यावर तिने दार उघडून लावून पाहिलं. छप्पर पाहिलं. गळती कुठे होती म्हणून विचारलं. मुश्ताकने एक कोपरा दाखवला. तिथे पाण्याचा डागही नव्हता. खोलीत बाईमाणसाची एकही वस्तू नव्हती, एक हातरुमालसुद्धा नाही. तिने मान हलवली आणि खाली अंगणात आली. तिथे ट्रंकेशेजारी एक जनावर बांधलेलं होतं, आणि त्याच्या पलीकडे खैरुद्दीन अदबीने उभा होता.

"ही गाय?"

"गाय नाही, शेळी. लिहिताना जरा गडबड झाली," मुश्ताक म्हणाला. हे त्याने येताना वाटेतच पाठ केलं होतं.

"धार कोण काढतं?"

"मीच काढतो. रोज सकाळी."

साजिदाने वाकून नीट पाहिलं.

"हा बोकड आहे," ती म्हणाली.

मुश्ताकने तेव्हा कुठे त्या जनावराकडे पाहिलं. बोकडच होता. कुलसुमभाभींनी बकरी ईदसाठी पाळलेला, चांगला दाढीवाला. खैरुद्दीन आभाळाकडे पाहू लागला. खिडकीत उभ्या असलेल्या भाभींनी ओढणी तोंडात कोंबली, कारण त्यांनी खोटं न बोलण्याचं कबूल केलं होतं, न हसण्याचं नव्हे.

साजिदा मात्र हसली नाही. "दुसरी कोणी नाही तर," ती म्हणाली.

"नाही. अल्लाशप्पथ नाही."

"हे घर?"

"भाभींचं."

"गाय?"

"पुस्तकातली." आणि मग सगळं सांगणं भागच होतं. मुश्ताकने सांगितलं. अमेरिकन माणसाची पेटी, ते पुस्तक, ती कोण कुठली बाई, तिचा परदेशी बसलेला नवरा.

साजिदा ट्रंकेवर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "धार काढणारी अम्मांच्या डोक्यातली," ती म्हणाली. "त्यासाठी मी नाही आले. जेवताना माझी जागा मोकळी ठेवता, हे वाचलं आणि आले. बोटीवर रोज वाचत होते. आणि तेही तुमचं नव्हतं."

मुश्ताक तिच्यासमोर जमिनीवर बसला. खैरुद्दीनदेखत, भाभींदेखत बसला, आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं बोलला. "खैरुद्दीनभाई वाचत होते ना, तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू यायला लागला. दार तू लावतेस. गळती तू बंद करून घेतेस. लोक तुला विचारतात, मला कोण विचारतंय? ते सगळं तुझंच होतं. तीन वर्षं मला हे सुचलं नाही, कुठल्या तरी बाईने सांगावं लागलं, याची मला फार लाज वाटली. म्हणून मी काही न वगळता उतरवलं."

"गाईसकट?"

"गाईसकट."

साजिदा हळू आवाजात म्हणाली, "मी हेच लिहायचे. मनातल्या मनात. पण अम्मांना वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. मग मीही हवेबद्दलच लिहायचे. शेवटचं तेवढं कमरुद्दीनच्या हाती चोरून दिलं." तिने पदराने डोळे पुसले आणि खैरुद्दीनकडे वळली. "भाई, ते पुस्तक आणा."

खैरुद्दीन धावत गेला आणि पुस्तक घेऊन आला. त्याला वाटलं, आता ते अंगणातल्या विहिरीत जाणार. पण साजिदाने वेगळंच विचारलं.

"त्या बाईचा नवरा मग आला का?"

हा प्रश्न खैरुद्दीनला आजवर पडलाच नव्हता. त्याने सगळ्या पत्रांतल्या सह्या वापरून संपवल्या होत्या, पण कोणाचं पुढे काय झालं ते कधी पाहिलं नव्हतं. तो पानं उलटू लागला. त्या बाईची आधीची पत्रं सापडली, एकामागून एक, दर दोन-तीन महिन्यांनी एक. मग ते आता ये म्हणणारं पत्र. त्यानंतर एका व्यापाऱ्याचं तंबाखूबद्दल, एका भाच्याचं नोकरीबद्दल. शेवटच्या पानापर्यंत त्याने दोनदा पाहिलं.

"पुढे तिचं पत्रच नाही," तो म्हणाला.

पत्रं थांबण्याचा अर्थ एकच नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुश्ताक तर कितीतरी महिने दुसऱ्याच अर्थाच्या धाकात जगला होता. तो साजिदाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नाही ना? मग आला असणार," साजिदा म्हणाली. "घरात समोर बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं?" आणि ती ट्रंकेवरून उठली, ट्रंक माडीवर न्यायला तिने मुश्ताकला सांगितलं, आणि कमरुद्दीनला वाट बघू नकोस म्हणून निरोप द्यायला खैरुद्दीनला धक्क्यावर पिटाळलं.