रामचंद्राच्या वतीने सोनूबाई

मिठागराच्या बांधावरून घसरून रामचंद्राने पाय मोडून घेतला, तो नेमका गावठाणाच्या मोजणीच्या तोंडावर. मोजणीवाल्यांना हद्दी दाखवायच्या, कागदांवर सह्या करायच्या, आणि घरचा कर्ता पुरुष मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. शेवटी उरणहून वकील बोलावला. वकील म्हणजे मूळचा गावातलाच विनेश. त्याला लहानपणी चड्डी न घालता गावभर हिंडताना रामचंद्राने पाहिलं होतं, त्यामुळे त्याच्या काळ्या कोटाचा या घरात फारसा दरारा नव्हता.

"काका, काकींच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करू," विनेश म्हणाला.

"मोजनीवाला मुखत्यारनामा बोल्ला. पोरगा फोनवर पावर बोलतो. तू तिसराच काडलास. यातला खरा कनचा?"

"तिन्ही एकच, काका. कागदावर कुलमुखत्यारपत्र, जुन्या माणसांच्या तोंडी मुखत्यारनामा, पोरांच्या तोंडी पावर. अर्थ एवढाच, की काकींनी केलं ते तुम्ही केलं. त्यांची सही ती तुमची सही, त्यांचा शब्द तो तुमचा शब्द."

रामचंद्राची बायको सोनूबाई बाजूलाच बोंबील साफ करत होती. तिचा हात थांबला. "परत बोल, विनेश."

विनेश परत बोलला. मग त्याने विचारलं, "खास करू की आम? खास म्हणजे फक्त मोजणीपुरतं. आम म्हणजे सगळ्या कामांना."

इथे रामचंद्र चुकला. फक्त एका कामापुरता कागद करणं त्याला कमीपणाचं वाटलं. "आम कर," तो ऐटीत म्हणाला. "आमच्या घरान्यात अर्दा कारभार कोनी केला न्हाय."

मोजणी झकास झाली. सोनूबाईने मोजणीवाल्याला त्याची काठी दोन फूट मागे घ्यायला लावली. त्यानंतर खरं तर तो कागद ट्रंकेत जायचा. पण तिने त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि पिशवीत ठेवला. आठवड्याभरात अंगणात सात वर्षं पडून असलेली मोडकी होडी भंगारात गेली. मग रामचंद्राने गावच्या क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि ही बातमी त्याला इतर गावकऱ्यांच्या नंतर कळली. राजीनाम्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रामचंद्राच्या वतीने सोनूबाई'.

"आगो, माजा राजीनामा?"

"तुमीच दिलाव," सोनूबाई शांतपणे म्हणाली. "मी निस्ती सही केली."

इथवर त्याने दात-ओठ खाऊन सोसलं. पण पुढची गोष्ट बाबाजीची होती.

बाबाजी हा रामचंद्राचा धाकटा भाऊ, तीन घरं सोडून राहणारा. त्याच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत थोरल्या भावाचं नाव दुसऱ्या नंबरला छापलं गेलं, तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. आता बाबाजीच्या मृणालीचं लग्न ठरलं होतं. लहानपणी ती रामचंद्राच्या खांद्यावर बसून मिठागरावर जायची. आता ती स्कूटीवरून गेली की तो मान फिरवायचा, पण ती वळणाआड गेल्यावर. तिच्या हळदीला आपण नसणार, या विचाराने प्लास्टरच्या आतला पाय त्याला जास्तच ठणकायचा. पण अकरा वर्षं ताठ ठेवलेली मान वाकवायची कशी?

एका सकाळी सोनूबाई बाहेरून हसतच आली. "मृनालीच्या पत्रिकेत नाव छापाला होकार देऊन आले. पयलं नाव तुमचं. आन तुमचा राग गेला, ते बी सांगून आले."

"माजा राग गेला? कवा?"

"सकाली साडेनवाला."

रामचंद्राने विनेशला फोन लावला. "पावर रद्द कर! हिनं माजा राग मिटवला!"

"काका, कलम सहा," पलीकडून विनेश म्हणाला. "'माझ्या वतीने वाद-तंट्यांत तडजोड करणे.' खाली तुमची सही आहे."

"मंग रद्द कराचा कागद घेऊन ये! आताच्या आता!"

विनेश यायच्या आधी दारात बाबाजी उभा राहिला. खाटेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सोनूबाईच्या समोर जाऊन, तोंडावरची सुरकुती न हलवता, तो म्हणाला, "दादा, पाय कसा हाय?"

"बरा हाय, बाबाजी," सोनूबाई म्हणाली. "बस. अकरा वर्सां मी उगाच फुगून बसलो."

खाटेवरचा रामचंद्र आ वासून ऐकत राहिला. आपण इतकं गोड बोलतो, हे त्याला नवीनच होतं.

"असूंदे, दादा," म्हणत बाबाजी तिच्यासमोर बसला.

"न्हाय, बाबाजी. तुजी काय चूक न्हवती. सगली चूक माजीच."

"ओ! सगली न्हाय!" रामचंद्र खाटेवरून गरजला. "पत्रिकेत माजं नाव खाली कोनी टाकलं?"

बाबाजी गर्रकन वळला. "छापखानेवाल्यानं टाकलं! मी वरच लिवून दिलेलं!"

"मंग तवा का न्हाय बोल्लास?"

"तीनदा आलो! तू दार कुटं उगडलंस?"

अकरा वर्षांचं साचलेलं भांडण तासाभरात उरकायचं म्हणजे श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. मध्येच दोघांचेही डोळे भरून आले, ते दोघांनीही चुलीच्या धुरावर ढकललं. घरात गॅस होता. मुखत्याराची गरज संपली, हे ओळखून सोनूबाई बोंबील तळायला आत गेली.

दोन वेळा चहा झाला, तेव्हा विनेश धापा टाकत आला. "काका, हे रद्दपत्र. इथं सही करा. कुठल्या तारखेपासून रद्द करायचं?"

रामचंद्राने पेन हातात घेतलं. बाबाजीकडे पाहिलं, मग आपल्या प्लास्टरकडे.

"लगीन कवा रं, बाबाजी?"

"वीस तारखेला. हलद एकोनीसला."

"विनेश, एकवीस टाक."

"एवढ्या उशिरा? आत्ता तर ओरडत होतात!"

"येड्या, माज्या पुतनीची हलद हाय!" रामचंद्र म्हणाला. "माज्या वाटचं नाचंल कोन?"