पाचवा ठोका गायब

"माणसाचं शरीर म्हंजे काय रं शेवटी? एक पंप, चार व्हॉल्व्ह आन् बाकी सगळी पायपांची भानगड!"

हे वाक्य रामभाऊ दिवसातून निदान तीनदा म्हणायचे. आणि का म्हणू नये? मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं पंप चालवले होते. नुसत्या आवाजावरून कुठल्या पंपानं हवा धरलीय, म्हणजे आत हवा अडकून तो अडखळतोय, ते सांगायचे. बायको, म्हणजे भीमाबाई, कधी रुसणार हे त्यांना आजतागायत कळलं नव्हतं, पण पंप कधी रुसणार ते आदल्या दिवशी कळायचं!

निवृत्तीला महिना उरला असताना कंपनीनं प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं. कामावरून दुसऱ्या कुणाला सोडता येईना, म्हणून रामभाऊंना पाठवलं. पहिल्या दिवशी रामभाऊ कानात प्राण आणून ऐकत होते. हृदय मुठीएवढं, त्याला चार कप्पे, चार झडपा, मिनिटाला साठ ते शंभर ठोके, आणि हे सगळं जन्मापासून मरेपर्यंत अखंड!

"एकदाबी शटडाऊन नाय?" रामभाऊंनी न राहवून विचारलं. "सील नाय बदलायचं? ऑइल नाय?"

"नाही," ट्रेनर हसून म्हणाला.

रामभाऊ थक्क झाले. एकतीस वर्षं आपण दुसऱ्याचे पंप सांभाळले आणि छातीत हा असला पंप घेऊन फिरतोय याची दखलच घेतली नाही, याची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणात पुलाव आणि चार-चार गुलाबजाम होते. जेवणानंतर नाडी कशी बघावी याचा तास होता. तो तास रामभाऊंनी डोळे मिटून ऐकला. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा जागे झाले आणि सर्टिफिकेट घेऊन आले.

निवृत्त होऊन कडावला आपल्या गावी घरी बसल्यावर त्यांनी सर्टिफिकेट लॅमिनेट केलं, शंभर पानी वही आणली आणि गावाची नाडी बघायला सुरुवात केली. पद्धत एकदम कडक. समोर घड्याळ, डाव्या हातात समोरच्याचं मनगट, आणि रेशनच्या मशीनवर ठेवतात तसा उजवा अंगठा नाडीवर घट्ट दाबलेला. मिनिट पूर्ण होईपर्यंत कुणी खोकायचंही नाही!

आठवडाभरात एक अजब गोष्ट त्यांच्या लक्षात आली. भीमाबाई, शहाण्णव. शेजारचे ऐंशी वर्षांचे कोंडाजी, शहाण्णव. कोंडाजींचा तीन वर्षांचा पणतू, शहाण्णव. गोठ्यातल्या म्हशीचा कान धरून पाहिला, तर तिचेही शहाण्णव!

"लहान पोराचं ठोकं जास्त असत्यात, आसं टरेनिंगमदी सांगितलं व्हतं," रामभाऊ डोकं खाजवत म्हणाले. "मग हितं सगळं सारखं कसं? कोंडाजीदादा, हे पान्याचं काम हाय. आपल्या बोअरिंगच्या पान्यात कायतरी हाय!"

"पानी नाय रं, एकी!" कोंडाजींनी मांडीवर थाप मारली. "सगळा गाव एका ठोक्यावर चालतोय. शोधून दाव आसा दुसरा गाव!"

झालं! संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. तंटामुक्तीच्या फलकाखाली एक ओळ वाढवावी असंही कुणीतरी सुचवलं. रामभाऊंना लोक वाटेत थांबवून मनगट पुढे करू लागले. एकतीस वर्षांत कंपनीत जेवढा मान मिळाला नव्हता, तेवढा एका अंगठ्यानं मिळवून दिला.

आता घरातली मुख्य गोष्ट सांगायला हवी. रामभाऊंची एकुलती एक मुलगी रोहिणी, कर्जतच्या पतसंस्थेत कामाला. खोपोलीचा नरेश, वेल्डर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांचा होकार होता, फक्त लग्नाची तारीख काढायची राहिली होती. ती काढायला नरेश आणि त्याची आई वनिताताई रविवारी येणार होते. रोहिणीनं सकाळपासून घर दोनदा झाडलं होतं. रामभाऊंनी पाहुणे यायच्या आत सात चहा घेतले होते. त्यांना कसलीशी हुरहुर लागली होती, पण ती कसली हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

"जय भीम!" "जय भीम, या या!" झालं. पाणी झालं. चहा आला, रामभाऊंचा आठवा. मग तारखेचा विषय निघायच्या आत रामभाऊंचा अंगठा शिवशिवू लागला.

"नरेश, आन रं हात जरा."

"बाबा, आज नको!" रोहिणी आतून ओरडली.

पण नरेश गरीब बिचारा, त्यानं हात दिला. रामभाऊंनी अंगठा दाबला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. एकशे बारा! आणि त्याहून वाईट म्हणजे, चार ठोके नीट लागत होते, पाचवा गायब! पुन्हा चार, पुन्हा पाचवा गायब! एकतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या कानात ओरडला, पंपानं हवा धरलीय!

"काका, झालं का?" नरेशनं विचारलं.

"बोलू नको!" रामभाऊंनी पुन्हा मोजलं. एकशे अठरा.

त्यांना घाम फुटला. पोरगी अशा माणसाला द्यायची, ज्याचं हृदय पाचव्या पावलाला अडखळतं? त्यांनी आवाज शक्य तितका सहज ठेवून वनिताताईंचं मनगट मागितलं. एकशे अठरा. पाचवा गायब!

"वनिताताई," रामभाऊ हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या घरान्यात हृदयाचा रोग हाय."

भीमाबाईंच्या हातातलं लाडवाचं ताट तिरकं झालं.

"काय म्हनालात?" वनिताताई उठून उभ्या राहिल्या. "माजी आई ब्याण्णव वर्सं जगली! पन्नास किलोचा सिलिंडर माजा पोरगा खांद्यावर नेतो!"

"तोच तर धोका हाय!"

"अवो, गप बसा की!" भीमाबाई मध्ये पडल्या. "यंत्र बिघडलंय तुमचं. माजी बघा बरं!"

रामभाऊंनी पाहिली. एकशे वीस. पाचवा गायब! भीमाबाईंची तर परवापर्यंत शहाण्णव होती! गडबड ऐकून कोंडाजी दारात आले होते, त्यांचंही मनगट धरलं. एकशे चोवीस, आणि पाचवा गायब! रामभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. घराण्याचा रोग असता तर कोंडाजींना कसा झाला असता? म्हणजे हा रोग घराण्याचा नव्हता, हा पसरत होता!

"खोपोलीवरनं आनलाय!" रामभाऊ खिडक्या उघडत ओरडले. "सकाळपर्यंत गाव ठनठनीत व्हता! दूर बसा सगळी!"

यानंतर काय झालं ते फार सविस्तर सांगण्यासारखं नाही. वनिताताईंनी चप्पल पायात घातली. नरेश रोहिणीकडे बघत राहिला. कोंडाजी "मी मरतोय काय रं?" म्हणून ओट्यावर आडवे झाले. आणि रोहिणी बाहेर आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"बाबा, आता सगळ्यांनी कर्जतला जायचं. नीट मशीनवर तपासायचं. रिपोर्ट खराब निघाला तर मी गप बसेन. पन चांगला निघाला तर तुमी माफी मागायची."

"आन् तोवर तारीख नाय!" वनिताताई म्हणाल्या. "माफी मागितली तरी बघू!"

गावातल्या गजाच्या टेंपोत सगळे बसले. रामभाऊ पुढे, नाकाला पंचा बांधून. बाकीचे मागे. वाटेत खड्डा आला की कोंडाजी कण्हायचे.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकेकाचा ईसीजी काढला. नरेश, उत्तम. वनिताताई, उत्तम. भीमाबाई, उत्तम. कोंडाजींचा तर पाहून त्या म्हणाल्या, "आजोबा, काय खाता हो तुम्ही?" कोंडाजी लगेच उठून बसले.

"आसं कसं?" रामभाऊ हटेनात. "मी सोता मोजलंय!"

"बरं, माझी मोजा." डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. रामभाऊंनी अंगठा दाबला, घड्याळाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"मॅडम, तुमालाबी लागला! एकशे सव्वीस! पाचवा गायब!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे एकदा पाहिलं आणि कोपऱ्यातला सलाईनचा लोखंडी स्टँड ओढून त्यांच्यापुढे उभा केला. "आता याची मोजा."

"याची?"

"मोजा तर."

रामभाऊंनी स्टँडच्या दांडीवर अंगठा ठेवला. दहा सेकंद गेले, वीस गेले, मिनिट भरलं.

"किती?" रोहिणीनं विचारलं.

"एकशे... अठ्ठावीस," रामभाऊ पुटपुटले.

"आणि पाचवा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गायब."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. अंगठ्यातही रक्ताची नळी असते आणि तिचा ठोका चांगला जोरात लागतो. म्हणून नाडी अंगठ्यानं कधी बघायची नसते, अंगठ्याशेजारच्या दोन बोटांनी बघायची. अंगठ्यानं बघितली की माणूस स्वतःचीच नाडी मोजतो.

"म्हंजे म्हशीची..." रामभाऊंचा आवाज खोल गेला.

"तुमचीच."

"आन् कोंडाजीदादाच्या पणतूची..."

"तुमचीच. या, झोपा इथे."

रामभाऊंचा ईसीजी निघाला. कागदावर चार उंच रेघा, मग एक घाईची, मग मोकळी जागा. हृदय मधेच एक ठोका घाईघाईनं देतं, तो हाताला नीट लागत नाही, म्हणून चुकल्यासारखा वाटतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढे आणखी एक तपासणी करून घेऊ, पण आज घाबरण्यासारखं काही दिसत नाही.

"चहा किती घेता?"

"आठ," भीमाबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत."

"झोप? काही काळजी?"

रामभाऊंनी एकदा रोहिणीकडे पाहिलं. ते बाकावर येऊन बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. एवढी माणसं टेंपोत भरून आणली आणि पेशंट पुढच्या सीटवर बसला होता! रोहिणी खिडकीपाशी पाठ करून उभी होती. ती पाठ बघून रामभाऊंना खरोखर छातीत काहीतरी दुखलं. ते उठले आणि वनिताताईंपुढे उभे राहिले.

"ताई, चुकलो. तुमच्या पोराला काय नाय. पोरगी जानार म्हनून माजंच काळीज धडधडत व्हतं आन् मी ते सगळ्यांच्या नावावर लिवलं. तिला त्याची शिक्षा नका देऊ."

रोहिणी वळली. वनिताताईंनी पदरानं नाक पुसलं, पण तोंड वाकडंच ठेवलं. नरेश मात्र उठला आणि रामभाऊंना बाकावर बसवून स्वतः शेजारी बसला. डॉक्टरीणबाईंनी दाखवली होती तशी दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

"एकशे सोळा," तो म्हणाला.

"भाऊ," वनिताताई शेवटी बोलल्या, "एवढा जीव लावनारं घर आमाला कुठं मिळायचं? पोरगी पसंतच हाय. काढा तारीख."

रामभाऊंनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. भीमाबाई रडता रडता हसल्या. नरेशनं पुन्हा मिनिटभर मोजलं.

"अठ्ठ्याऐंशी!" तो खुशीत ओरडला. "उतरली!"

"मग ठरलं तर!" वनिताताईंनाही आता हुरूप आला. "आमचा गोतावळा मोठा हाय बरं का भाऊ. खोपोलीवाले, कारखान्यातले, माज्या माहेरचे, समदे धरून सातशे मानूस यील. आन् सगळी शेवटपर्यंत बसनारी!"

नरेशची बोटं अजून मनगटावरच होती. त्यानं घाईघाईनं दुसरा हात वर केला.

"आये, सातशेवरनं खाली ये गं! बाबा परत एकशे तीसवर गेले!"