भाताला कोरफडीचा लेप

“साहेब, करपा भाताला लागतो, मग कोरफडीला का नाही लागत?”

प्रश्न वर्गमैत्रीण फहमिदाच्या डोक्यातला. विचारायची छाती मात्र नववीतल्या प्रभावतीची. “विचारून दाखव, न्हाईतर आठवडाभर आमची दप्तरं उचल!” अशी पैजच लागली होती. कोळवणच्या शाळेत शेतकी साहेब भाषणाला आले होते आणि मागं सगळे शेतकरी मांडी घालून बसले होते.

साहेब खूश झाले. “शाब्बास! करपा म्हणजे बुरशी. तिला पानावर ओल लागते. भाताचं पान पातळ. कोरफडीचं जाड, वर मेणासारखा थर. पाणी थांबतच नाही!”

प्रभावती ऐटीत खाली बसली आणि मागं तिचे वडील भिकाजी, म्हणजे आबा, ताडकन उठले. त्यांच्या आंबेमोहर भातावर कालच करप्याचे ठिपके दिसले होते. थरच हवा ना? मग चढवू की!

तासाभरात दारोदारी टांगलेल्या कोरफडी उतरल्या. शेजारच्या धोंडाबाईची तर आबांनी न विचारताच ओढली.

“आरं भिकाजी, दिष्ट लागंल माज्या घराला!”

“लागू दे, काकी. हितं भाताला करपा लागलाय!”

गर काढून आळीतल्या एकुलत्या एका फवारणीच्या पंपात भरला. आबांनी दांडा हाणला. पंप एकदा फुर्र झाला, मग सर्दी झाल्यासारखा सुरसुरला आणि बसला.

“हातानं लावू,” आबा म्हणाले.

झालं! आई अनुसया, धोंडाबाई, प्रभावती, सगळ्या खाचरात वाकून भाताचं पान न् पान सारवू लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं, नवी सरकारी योजना आली. तेही आपापल्या खाचरात उतरले.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून औषध घेऊन आले, तर अख्खं गाव भात कुरवाळतंय!

“अहो, हे काय चाललंय?”

“तुमीच सांगितलं न्हवं!”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “औषध आजच मारायला हवं, नाहीतर पीक गेलं. पंप कुठाय?”

आबांनी गरानं तुंबलेला पंप पुढं केला. प्रभावतीनं पंपात कढत पाणी ओतलं, वेणीतला आकडा काढून नळीच्या तोंडात खुपसला आणि दांडा मारला. अडकलेला सगळा गर साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर गेला. पंप मात्र मोकळा झाला, आणि दिवस मावळायच्या आत आबांचं खाचर औषधानं न्हाऊन निघालं.

जेवताना प्रभावतीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

“आबा, आई, मी ठरवलंय. मी शिकून शेतकी साहेब होनार.”

“आन् ते का गं?” आबा दचकले.

“नुसता प्रश्न विचारला तर अख्खा गाव चिखलात उतरला. उत्तरं द्यायला लागले म्हंजे बघा!”