गुणाजी अस्वलाचं कणखर मन

एका जंगलात, बाळांनो, गोल्फचं मैदान होतं. जंगलात मैदान कुठून आलं, असं विचारू नका. तिथली झाडं कुठे गेली, असंही विचारू नका. वाघोबा क्लबचे अध्यक्ष आहेत.

त्या मैदानावर गुणाजी अस्वल आणि यमाजी साळिंदर दर रविवारी सकाळी खेळायचे. दोघं लहानपणापासूनचे मित्र. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत मारत लांबलांबच्या भोकांत एकामागून एक घालायचा असतो. ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. गुणाजीला नेहमीच जास्त लागायचे.

ताकद कमी नव्हती. पण एक फटका चुकला की तो चिडायचा, आणि चिडला की पुढचाही चुकायचा. मग तो काठी तळ्यात भिरकावून द्यायचा. ती काढायला पाण्यात उतरायचा तो यमाजी.

"जाऊ दे रे, खेळच आहे," काठी पुसून देत यमाजी म्हणायचा.

"जिंकणाऱ्याचं काय जातंय बोलायला!" गुणाजी गुरगुरायचा.

वार्षिक चषकाचे सामने जवळ आले तेव्हा गुणाजीने बगळे सरांना गाठलं. बगळे सर जन्मात गोल्फ खेळले नव्हते. पण ते तासन्‌तास एका पायावर उभे राहत. त्यामुळे मनातलं सगळं त्यांना कळतं, असा जंगलाचा समज होता.

"तुमचा हात चुकत नाही, गुणाजीराव. मन चुकतं," सर म्हणाले.

"मग काय करू, सर?"

"झालेला फटका विसरा. डोळे मिटा, लांब श्वास घ्या आणि तो फटका झालाच नाही असं समजा."

गुणाजी मेहनती होता. त्याने घरीदारी सराव केला. एके दिवशी अस्वलीणबाईंनी विचारलं, "अहो, पोळ्यातला मध कुणी संपवला?"

गुणाजीने डोळे मिटले, श्वास घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, "कुठला मध?"

चषकाच्या सामन्यात त्याची गाठ पडली ती यमाजीशीच. सुरुवातीलाच गुणाजीचा चेंडू झुडपात गेला. तिथून वाळूच्या खड्ड्यात. वाळूत त्याने बराच घाम गाळला. प्रत्येक फटक्यानंतर तो डोळे मिटत होता, श्वास घेत होता. अखेर चेंडू पहिल्या भोकात पडला.

"किती झाले?" यमाजीने विचारलं.

"दोन."

"अरे, आणि वाळूतले?"

"कुठली वाळू?"

यमाजीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते तान्ह्या पिल्लासारखे निर्मळ होते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

सामना संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी यमाजी तक्रार घेऊन वाघोबांकडे गेला. वाघोबांनी बगळे सरांना बोलावलं.

"हा साळिंदर दुसऱ्यांचे जुने फटके मनात धरून बसतो," सर खेदाने म्हणाले. "फार नकारात्मक स्वभाव."

वाघोबांनी मान डोलावली. त्यांनीही नुकताच सरांचा वर्ग लावला होता, आणि त्यांचाही खेळ एकाएकी सुधारला होता.

चषक गुणाजीला मिळाला. टाळ्या वाजल्या. यमाजीने आपल्या काठ्या खांद्याला लावल्या.

"गुणाजी, आता मी पलीकडच्या माळावर खेळत जाईन."

"हरलास म्हणून रागावलास होय रे?"

"हरल्याचं काही नाही. पण तुझा एकेक फटका मी मोजलाय. आजच्याइतकं चांगलं तू कधीच खेळला नव्हतास. सगळे फटके धरूनही जिंकणं अगदी थोडक्यात हुकलं होतं तुझं. पाठ थोपटायला येणार होतो तुझी. पण तू तर म्हणतोस, ते फटके झालेच नाहीत."

यमाजी चालू लागला. आपण खरंच कसे खेळलो, हे गुणाजीला फार फार विचारावंसं वाटलं. जंगलात ते सांगू शकणारा एकच प्राणी होता, आणि तो लांब निघाला होता.

"अहो विजेते!" मागून वाघोबांनी हाक मारली. "या लवकर, फोटो काढायचाय!"

गुणाजीने चषक काखेत मारला आणि फोटोला गेला.

तात्पर्य: खेळ सुधारायचा असेल, तर बाळांनो, मन कणखर करावं. तेवढ्याने भागलं नाही, तर मोजणारा मित्र बदलावा.