आटलेलं घोंगडं

विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर बिरूतात्या रोज संध्याकाळी ढग राखतात. घोंगडं अंथरून बसायचं, आभाळाकडं बघत जिभेनं टक्‌टक् करायचं आणि एखादा ढग मागं रेंगाळला की म्हणायचं, "लंगडी हाय ती. येतीया, येतीया." माणमधली मेंढरं विकून लेकाच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून हे चालू आहे. लेक-सून दिवसभर नोकरीवर. घरात सोफा आहे. त्यावर तात्या वाळलेले कपडे ठेवतात.

घोंगडं त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं. त्यावर शेजारी बसायचा मान एकाच माणसाला, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारांना. कराडकडच्या ऊसवाल्या घरातले, लेंग्यालाही इस्त्री करणारे. त्यांना ढगात रणगाडे दिसायचे. "आवं, रणगाडा कवा लोकर देतोय व्हय?" तात्या विचारायचे.

गेल्या थंडीत सुभेदार लेकीकडे कोयनानगरला निघाले आणि घोंगडं मागून घेऊन गेले. उसनी वस्तू नेली त्याहून स्वच्छ करून परत द्यायची, ही त्यांची शिस्त. म्हणून त्यांनी ते वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात धुतलं. घोंगडं आटून बाळाच्या दुपट्यापेक्षा जरासंच मोठं उरलं. त्यालाही इस्त्री करून, घडी घालून त्यांनी ते आणून दिलं.

तात्यांनी ते हुंगलं. मेंढरांचा वास गेला होता, लिंबाचा येत होता.

तात्यांच्या न बोलण्यानं सुभेदार हैराण झाले आणि त्यांनीच मला निवाडा करायला बोलावलं. हक्कांवर पत्रकं लिहिणारा इमारतीत मी एकटाच. मी बाणेदारपणे सांगितलं, सरकार असो की मित्र, नुकसान करणाऱ्यानं पुरती भरपाई द्यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी सुभेदार नवंकोरं घोंगडं तात्यांच्या दारात ठेवून गेले, आणि पुन्हा गच्चीकडं फिरकले नाहीत.

न्याय झाला होता. नवं घोंगडं सोफ्यावर कपड्यांखाली गेलं. तात्या गच्चीवर उघड्या फरशीवर बसायचे. ढग मोकाट हिंडायचे, टक्‌टक् बंद.

एके संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "भरपाई काय घ्यायची, ती कुणी ठरवायची रं?"

"ज्याचं नुकसान झालं, त्यानं," मी ठासून म्हणालो.

"मग जा, सुभेदारास्नी बलाव. म्हणावं, फिटलं न्हाई अजून."

सुभेदार शिक्षा ऐकायला यावं तसे ताठ येऊन उभे राहिले. तात्यांनी तो आटलेला तुकडा अंथरला होता.

"बसा."

"दोघं मावायचो कसं?"

"चिकटून. ताणून पयल्यावानी हुईस्तवर रोज बसायचं. हीच भरपाई."

सुभेदार अवघडत बसले. खांद्याला खांदा लागला. हळूच म्हणाले, "लोकर एकदा आटली की परत ताणत न्हाई, तात्या."

"उभा जलम मेंढरात गेला माजा. ठावं हाय मला."

सुभेदारांनी वर आभाळाकडं बघितलं. म्हणाले, "ती लंगडी मागं राहिली बघा."

"येतीया," तात्या म्हणाले, आणि जिभेनं टक्‌टक् केलं.