थोरल्यांचा मुक्काम

कासव आणू या, हे मीच सुचवलं. रात्रीचं जेवण आटोपत आलं होतं, ताटात शेवटचा घास होता, आणि मी अगदी सहज बोलून गेलो. (माझे महत्त्वाचे निर्णय मी पोट भरलेलं असताना घेतो. रिकाम्या पोटी मी फक्त चिडतो.)

सहज म्हटलं खरं, पण त्यामागे माझा बराच विचार होता. मी विमा कचेरीत कारकून आहे. समोरचा माणूस अजून साधारण किती वर्षं जगेल याचा अंदाज बांधणारा जो विभाग असतो, त्यात. वय काय, वजन काय, धाप लागते का, वडील कशाने गेले, असं दिवसभर लोकांना विचारत असल्यामुळे लांबचा विचार करायची मला खोडच लागली आहे. सोफा घ्यायचा म्हणून मी त्याचा इतका लांबचा विचार केला की ते दुकानच बंद पडलं. आम्ही अजून खुर्च्यांवर बसतो.

म्हणूनच चिमणीने (ही आमची मुलगी, पाचवीत आहे) कुत्रा हवा म्हणून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मी तिला शांतपणे समोर बसवलं. प्राणी आणायचा म्हणजे आयुष्यभराची जबाबदारी, हे तिला नीट समजावलं. कुत्र्याला रोज पहाटे फिरवणार कोण? मांजर कोणाचं ऐकत नाही, आणि माझं न ऐकणारी माणसं घरात पुरेशी आहेत. मासे मरतात आणि मग घरात सुतक. राहता राहिलं कासव. भुंकत नाही, केस गाळत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. इतका सर्वांगीण विचार करून मी एकच गोष्ट विचारायला विसरलो, आणि ती नेमकी तीच, जी मी कचेरीत दिवसभर दुसऱ्यांना विचारतो.

"आमच्या बाईंकडे कासव आहे," बायको म्हणाली. बाई म्हणजे ती ज्या शाळेत शिकली तिथल्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण त्यांचा फोन आला तरी बायको अजून उभी राहून बोलते. "त्या भाचीकडे राहायला चालल्यात. तिथे इमारतीत प्राणी चालत नाहीत. चांगलं घर शोधताहेत त्याच्यासाठी."

म्हटलं, घरबसल्या काम झालं. आम्ही तिघं बाईंकडे गेलो.

"हळू बोला," दार उघडताच बाई म्हणाल्या. "थोरले आराम करताहेत."

थोरले खिडकीखालच्या सतरंजीवर होते. कपडे भिजवायच्या घमेल्याएवढी पाठ, तीवर एकात एक बसलेल्या चौकटी, आणि त्यातून सावकाश बाहेर आलेलं एक सुरकुतलेलं डोकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे साहेबही बघतात, पण साहेबांच्या नजरेत निदान राग तरी असतो. इथे नुसती नोंद घेतली गेली, की हाही एक आला. मी नकळत शर्टाचं बटण लावलं.

"वय काय यांचं?" मी विचारलं. सवयीने तोंडून गेलं.

"नक्की कोणालाच माहीत नाही. माझ्या आजीला हे तिच्या मावशीकडून मिळाले. तेव्हाही एवढेच होते म्हणे."

"आणि अजून..."

"डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत आहे. आत्ता कुठे मध्यमवय."

मी खुर्चीवर बसलो. मध्यमवय माझंही आहे. हिशेब करायची सवय असल्यामुळे मी मनातल्या मनात मागे जाऊ लागलो. माझे आजोबा रांगत होते तेव्हा हे चालत होते. आजोबांच्या आजोबांना मिसरूड फुटली नव्हती तेव्हाही हे कुठल्या तरी गवतावर असेच मान काढून बसले असतील. मग मी पुढे जायला लागलो, तर मी संपलो, बायको संपली, चिमणी म्हातारी झाली, आणि हे आपले त्याच वेगाने चाललेलेच. आमच्या कचेरीतलं एकही कोष्टक तिथवर पोचत नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

चिमणी गुडघे टेकून त्यांच्या पाठीवर एक बोट ठेवून बसली होती. "आजी," तिने बाईंना विचारलं, "विमानं नव्हती तेव्हाचं आकाश यांनी बघितलंय?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बघितलंय," त्या म्हणाल्या. "रिकामं."

मग बाईंनी त्यांच्या घरची पद्धत सांगितली. थोरल्यांना मोठ्या माणसाच्या हवाली करायचं नाही. सांभाळायला द्यायचे ते लहान मुलालाच. बाईंना मिळाले तेव्हा त्या दुसरीत होत्या. "मोठ्यांना देऊन उपयोग नसतो," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "लगेच संपतात."

बाईंना मूलबाळ नव्हतं, भाचीची मुलं परदेशी. एका हॉटेलमालकाने थोरल्यांना मागितलं होतं. आतल्या कारंज्यापाशी ठेवणार होता, येणाऱ्याजाणाऱ्यांना फोटो काढायला. "दिवे खूप आहेत तिथे. ऊन नाही," बाई म्हणाल्या. "काही दिवस तुमच्याकडे पाठवते. मग येऊन बघेन. नीट वाटलं तर राहतील. नाहीतर हॉटेल आहेच."

चिमणीने माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

थोरले टॅक्सीने, धुण्याच्या टोपलीत बसून आले. त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते आमच्या लग्नानंतर कधी झालं नव्हतं. सगळे हळू बोलायला लागले. बायको दारं आपटेनाशी झाली. मी त्यांच्यासमोरून जाताना "जरा जातो हं" म्हणू लागलो. ते काकडी खायला लागले की टीव्ही बंद व्हायचा. एक घास, मग विचार, मग दुसरा घास. एवढा वेळ आम्ही तिघं एका खोलीत न भांडता बसल्याचं मला तरी आठवत नाही.

बाई यायच्या होत्या तो सुट्टीचा दिवस. बायको आणि चिमणी थोरल्यांसाठी ताजा पाला आणायला बाजारात गेल्या. मला काम एकच होतं.

"फक्त लक्ष ठेवा," बायको म्हणाली.

"चालत्या कासवावर लक्ष ठेवायला माणूस कशाला लागतो?" मी म्हणालो आणि शब्दकोडं उघडलं.

आडवे शब्द संपवून मी मान वर केली, तर सतरंजी रिकामी.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कासव माझ्या हातून निसटून पळालं, हे वाक्य मी कोणत्या तोंडाने आणि कोणाला सांगणार होतो? कपाटाखाली बघितलं, फ्रिजमागे बघितलं, धुण्याच्या मशीनमध्येही बघितलं (त्या वेळी मला सगळं शक्य वाटत होतं). "थोरले, अहो थोरले," अशा हाका मारत मी पलंगापाशी आलो. खाली पार आत, भिंतीला लागून, काहीतरी गोल आणि गडद दिसलं. जिवात जीव आला. मी श्वास सोडून, पोट आत घेऊन पलंगाखाली सरपटत गेलो आणि मोठ्या आदराने त्यावर हात ठेवला. ते माझं जुनं हेल्मेट होतं.

परत फिरताना लक्षात आलं की श्वास सोडून आत आलेला माणूस श्वास घेतल्यावर बाहेर निघत नाही. त्यातून शर्ट फळीच्या खिळ्यात अडकलेला. तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि बायकोचा आवाज आला, "या ना बाई, जिन्यातच भेटलात, बरं झालं."

माझी पाचावर धारण बसली आणि मी तिथेच पडून राहिलो.

"अहो, कुठे आहात?"

"इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"खाली."

माझ्या डोळ्यांसमोर बायकोच्या चपला आल्या, चिमणीचे बूट आले आणि मग बाईंच्या काठीचं टोक आलं.

"आणि थोरले?" बाईंनी विचारलं.

"आहेत. घरातच आहेत."

"घरात कुठे?"

मी कधीही बाईंचा विद्यार्थी नव्हतो. तरी माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही, बाई."

मग बाई सावकाश म्हणाल्या, "हॉटेलवाल्यांना आज कळवायचंय मला." चिमणीचे बूट जागच्या जागी होते, आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तो तेव्हा दिसला नाही हे एका परीने बरंच झालं, मला तो सहन झाला नसता.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता ऊन कुठे असेल?"

"कसलं ऊन?"

"आपल्या घरातलं. सकाळी ते सतरंजीवर असतं. मग तुझ्या खुर्चीखाली जातं. मग मला शाळेत जावं लागतं, म्हणून पुढचं मला माहीत नाही. थोरले त्याच्या मागे मागे जातात." बूट निघून गेले. स्वयंपाकघरात काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग तिची हाक आली, "इथे आहेत."

बायको आणि बाईंनी मिळून पलंग ओढला आणि मला बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या मागच्या अडगळीत, रिकाम्या डब्यांच्या पलीकडे, झरोक्यातून उन्हाची एक अरुंद पट्टी फरशीवर पडली होती, आणि थोरले मान लांब करून, डोळे मिटून तिच्यात पडले होते.

या घरात कुठे गळतं, कुठे फरशी हलते, सगळं मला ठाऊक आहे. पण इथे ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं. यांना येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर यांनी ते शोधलं. अशी किती घरं त्यांनी पाहिली असतील, ती घरं पडली असतील, त्यातली माणसं गेली असतील, आणि हे प्रत्येक घरात ऊन शोधत गेले असतील. मला खरोखर भरून आलं. ऊन बोटभर सरकलं, तसे थोरलेही बोटभर सरकले.

बाई काठी टेकत खाली बसल्या. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि चिमणीला विचारलं, "तू म्हातारी झालीस की यांना कोणाला देशील?"

चिमणीने खूप विचार केला. "आत्ता नाही सांगता येणार," ती म्हणाली. "ते मूल अजून जन्मलेलं नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. बायकोने डोळ्यांना पदर लावला. (शाळेच्या सगळ्या वर्षांत तिला बाईंनी कधी 'बरोबर' म्हटलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं.)

अशा प्रसंगी घरातल्या कर्त्या पुरुषाने काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी घसा साफ केला. "बाई, तुम्ही निश्चिंत राहा. मी आहेच."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आमच्या विभागाला ज्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो ते काम त्यांनी तेवढ्यात उरकलं. मग त्या चिमणीकडे वळल्या.

"एक लक्षात ठेव. बाबांशी यांची फार जवळीक होऊ देऊ नकोस. थोरल्यांना माणसाचा लळा लागतो, आणि माणूस गेलं की ते जेवणखाण सोडतात. बाबांचं वय आहे, पोट आहे, धापही लागलेली दिसतेय. उगाच जीव लावून घ्यायचा आणि मग त्रास."

चिमणीने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "मग आई, बाबांचं काय करायचं?"

बायको माझ्या केसांतली जळमटं काढत होती. "काय करणार?" ती म्हणाली. "तेव्हा मी पुढचा काही विचार केला नाही, घेऊन आले. आता सांभाळायला हवा."