कोण ओरडतंय ते बघू

"आज संध्याकाळी घरी येईन तो विभागप्रमुख होऊनच," असं बुटाची नाडी बांधता बांधता कपातरावांनी बायकोला सांगून टाकलं. बायको म्हणाली, आज आई येतेय, तेव्हा काय व्हायचं ते व्हा, पण वेळेवर या.

कपातराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या अवाढव्य कंपनीत ते कित्येक वर्षं नोकरी करत होते, तिथल्या लोकांनी पाठीमागे बहाल केलेली ती पदवी होती. ही कंपनी फोनमधला नकाशा चालवते. आपण पत्ता टाकतो, फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणते आणि रस्ता लहानपणापासून पाठ असूनही आपण मुकाट्याने डावीकडे वळतो, तोच नकाशा. एवढ्या मोठ्या कंपनीत नाव काढायचं तर काहीतरी नवं बांधावं लागतं, नाहीतर जुनं पाडावं लागतं. बांधायला डोकं लागतं, शिवाय बांधलेलं चाललं नाही तर पंचाईत. म्हणून कपातरावांनी पाडापाडीचं खातं पत्करलं होतं.

पाडण्यासारखं तिथे भरपूर होतं. कुठल्या तरी दूरच्या थंडगार इमारतीत कंपनीची यंत्रं रात्रंदिवस घुमत असत आणि त्यांच्यावर शेकडो प्रोग्रॅम चालत असत. त्यातले निम्मे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. मागे राहिली होती ती फक्त नावं. या मंडळींना प्रोग्रॅमला कामावरून नाव द्यायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे एकाचं नाव बोका, एकाचं मावशी, एकाचं नुसतंच 'तो दुसरा'.

असला बेवारस प्रोग्रॅम सापडला की काय करायचं, याची त्या धंद्यात एक सर्वमान्य पद्धत आहे. तो बंद करायचा आणि गप्प बसायचं. कोणी ओरडलं तर तो त्याचा. कोणीच ओरडलं नाही तर तो कोणाचाच नव्हता. इतर कुठल्याही धंद्यातला शहाणा माणूस अशी दिसेल ती वायर कापून घरात कोण किंचाळतं याची वाट बघत बसणार नाही. पण इथे याला शास्त्र म्हणतात, आणि या शास्त्रात कपातरावांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

यंदा मात्र मामला जिवावरचा होता. दोन विभागांचा मिळून एक होणार होता, आणि दोन विभागांचे दोन कारभारी असले तरी पुढे खुर्ची एकच. दुसऱ्या विभागाची कारभारीण म्हणजे आकडेबाई. 'कशा आहात?' विचारलं तर 'मागच्या तिमाहीपेक्षा बऱ्या' असं उत्तर देणाऱ्या. त्या दिवशी दुपारी दोघांनी मोठ्या साहेबांपुढे आपापली कामगिरी मांडायची होती. ज्याला खुर्ची मिळणार नाही, त्याला कंपनी 'नव्या संधी शोधायला मोकळं' करणार होती. कपातरावांचं वय नव्या संधी शोधायचं नव्हतं. चष्मा शोधायलाच त्यांना अर्धी सकाळ लागायची.

म्हणून सकाळी आल्या आल्या त्यांनी हाताखालच्या इंजिनीअरला बोलावलं. त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण तो 'हो' हा शब्द प्रश्नचिन्ह लावल्याशिवाय उच्चारत नसे. आज बोका बंद करायचा, असं त्याला सांगण्यात आलं. बोका नेमकं काय करतो ते आधी शोधूया का, अशी शंका त्याने काढली. शोधलं की काहीतरी सापडतं आणि मग बंद करता येत नाही, हा अनुभव कपातरावांनी त्याला ऐकवला.

"बंद कर. कोण ओरडतंय ते बघू."

बोका बंद झाला. कोणी ओरडलं नाही. उलट मजल्यावर अशी काही शांतता पसरली, की एरवी सतत थरथरणारे टेबलांवरचे फोन गाढ झोपल्यासारखे पडून राहिले. मधल्या भिंतीवर तक्रारींचा मोठा पडदा होता. जगभरातले लोक नकाशाच्या नावाने जी बोटं मोडत, त्यांचा आकडा त्याच्यावर लाल अक्षरांत नाचत असे. तो आकडा घरंगळत खाली आला आणि शून्यावर थांबला. कंपनीच्या इतिहासात तो पडदा कधी शून्यावर आला नव्हता. एकदा वीज गेली तेव्हासुद्धा तो काळा झाला होता, शून्य नव्हे.

कपातरावांची छाती फुगली. बोका तर बिनकामाचा निघालाच, पण तोच बहुधा सगळा घोळ घालत असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच भरात त्यांनी मावशीलाही बंद करायला लावलं. शंकासुराने तोंड उघडलं, पण कपातरावांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. शून्यापुढे कोण काय बोलणार?

मावशी बंद झाली. पडदा शून्य. मोठे साहेब जाता जाता थबकले, पडद्याकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि कपातरावांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. ते पाहून आकडेबाईंनी हातातला कागदी कप चुरगाळला. त्यात चहा होता.

मग बायकोचा फोन आला. आई अजून पोहोचली नव्हती.

"टॅक्सीवाल्याने तिला तुमच्या ऑफिसच्या फाटकाशी आणून सोडलंय म्हणे. आपला पत्ता घातला होता हो तिने, नीट घातला होता."

म्हाताऱ्या माणसांना ते पत्ते घालणं जमत नाही, असं समजुतीच्या सुरात सांगत कपातराव खिडकीपाशी गेले आणि त्यांचा सूर तिथेच संपला.

खाली फाटकापुढे सासूबाई पिशवी धरून उभ्या होत्या, ते ठीकच. पण त्यांच्या मागे आणखी एक टॅक्सी होती. तिच्यामागे कपाट लादलेला टेम्पो, त्यामागे शिडी बांधलेला रंगारी, मग एक केकवाला, मग कोणाचं तरी अख्खं घरसामान घेऊन निघालेला ट्रक. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. प्रत्येक जण आधी हातातल्या फोनकडे बघत होता, मग इमारतीकडे बघत होता आणि मग हॉर्न वाजवत होता. जाड काचांमुळे वर काहीच ऐकू येत नव्हतं. एक माणूस घर सापडल्याच्या आनंदात कपाट उतरवायला लागला होता आणि फाटकावरचा वॉचमन ते परत टेम्पोत ढकलत होता.

शंकासुर मागे येऊन उभा राहिला. त्याने मावशीचा शोध लावला होता. पत्त्यावरून घर कुठे आहे ते मावशी सांगत असे. तिने उत्तर दिलं नाही तर नकाशा आपलं एक ठरलेलं ठिकाण दाखवतो, आणि कंपनीच्या पहिल्या दिवसांत कोणीतरी चाचणीसाठी म्हणून ते ठिकाण आपल्याच फाटकाचं घालून ठेवलं होतं. आज सबंध शहर आपल्याकडे पाहुणं येत होतं.

"मग कोणी तक्रार कशी केली नाही?" कपातरावांनी विचारलं.

"केल्यात ना, सर. लोकांच्या तक्रारी उचलून पडद्यावर आणि आपल्या फोनवर आणून टाकायचं काम एका प्रोग्रॅमचं होतं." शंकासुराने पडद्यावरच्या शून्याकडे बोट दाखवलं. "बोक्याचं."

म्हणजे सकाळपासून जग ओरडत होतं आणि कपातरावांनी स्वतःच्या हाताने जगाचं तोंड बांधलं होतं.

मावशीला ताबडतोब उठवायला सांगण्यात आलं. पण तिला गावोगावच्या गल्ल्या पहिल्यापासून वाचून काढाव्या लागणार होत्या आणि त्यात दुपार जाणार होती. बोका मात्र कळ दाबताच उठला असता. तो उठला की सकाळपासूनच्या सगळ्या तक्रारी एकदम येणार, प्रत्येकाच्या फोनवर येणार, आणि मोठ्या साहेबांपुढची बैठक तर आत्ता सुरू होत होती.

कपातरावांनी आयुष्यात एवढा विचार कधी केला नव्हता. बैठक संपेपर्यंत बोक्याला झोपू द्यावं, असं शेवटी ठरलं. शंकासुराला कळीवर बोट ठेवून दाराशी बसवलं आणि ते आत गेले.

आकडेबाईंचं निवेदन आधी झालं. त्यातलं एक अक्षर कपातरावांना आठवत नाही, कारण ते खिडकीचे पडदे ओढत होते. ऊन फार येतंय, असं ते म्हणाले. बाहेर ढग होते. मग त्यांची पाळी आली. एवढी यंत्रं बंद केली, एवढा खर्च वाचवला आणि तक्रारी शून्य, असं ते बोलत होते, आणि पाठीवरून घामाची धार अगदी नकाशात दाखवल्यासारखी सरळ खाली जात होती. खालून हॉर्नचा एक दबका, एकसंध आवाज यायला लागला. हे काय आहे, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. लोकप्रियता, असं कपातरावांच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. वॉचमन अदबीने बाजूला झाला आणि सासूबाई पिशवीसकट आत आल्या.

"नकाशाचं काम तुमच्यापैकी कोण बघतं?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर फिरली. "अगंबाई, जावईबापू, तुम्हीही याच खोलीत? बरं झालं. तुम्हीच समजावा यांना."

साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं. सासूबाईंनी सगळं सविस्तर सांगितलं. लेकीच्या घराच्या दारावरून टॅक्सी गेली, खिडकीतली लेक त्यांना दिसली, त्यांनी हातसुद्धा केला, पण टॅक्सीवाला म्हणे फोन सांगतो ते खोटं असेल का. साहेबांनी हळुवारपणे विचारलं, की मग त्यांनी तक्रार का नोंदवली नाही?

"नोंदवली की. खाली उभ्या आहेत त्या सगळ्यांनी नोंदवली. दर वेळी तुमचं यंत्र म्हणतं, आपली तक्रार पोहोचली. कुठे पोहोचली ते मात्र सांगत नाही."

खोलीतले सगळे डोळे दाराच्या काचेतून बाहेरच्या पडद्यावरच्या शून्याकडे गेले आणि तिथून सावकाश कपातरावांकडे आले. आणखी थोडा वेळ त्यांनी तग धरलाही असता, पण सासूबाई त्यांच्याकडे मोठ्या विश्वासाने बघत होत्या.

त्यांनी दाराकडे तोंड केलं. "चालू कर रे बोका," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

आधी साहेबांचा फोन थरथरला. मग आकडेबाईंचा. मग सगळ्यांचेच फोन एकदम किंचाळायला लागले, थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकले आणि एकामागून एक खाली पडून जमिनीवरून ओरडत राहिले. पडद्यावर आकडा मावेना. शेवटी पडदाच बंद पडला.

आता आपली घटका भरली, असं कपातरावांना वाटलं. पण या कंपन्यांचा एक दंडक आहे: घोटाळा झाला तर कोणी केला हे विचारायचं नाही, का झाला हेच विचारायचं. दुसऱ्या दिवशी तयार झालेल्या अहवालात त्यांचं नाव कुठेही नव्हतं. 'चौथ्या मजल्यावरील एक अनुभवी सहकारी' एवढाच उल्लेख होता, आणि चौथ्या मजल्यावर अनुभवी तेवढे एकटेच होते.

मोठे साहेब न्यायी माणूस. खर्चाची बचत खरी होती आणि शेवटी बोक्याला उठवायला सांगितलं ते कपातरावांनीच, हे त्यांनी मान्य केलं. खुर्ची कपातरावांचीच, पण एका अटीवर: त्या दिवशीच्या तक्रारी तिमाही संपायच्या आत मिटल्या पाहिजेत, एकूण एक. तोवर खुर्चीवर आकडेबाई बसतील, आणि एक जरी उरली तर उठणार नाहीत. आता कंपनीत तक्रार मिटते ती आपल्या म्हणण्याने नाही. तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या फोनवर 'समाधान झालं' हे बटण दाबावं लागतं.

कपातरावांनी फोन लावायला घेतले. रंगाऱ्याची माफी मागितली. केकवाल्याची मागितली. कपाटवाल्याशी बोलता बोलता त्याच्या संसाराची सगळी हकिकत ऐकून घेतली. ट्रकवाल्याने आधी शिव्या दिल्या आणि मग बटण दाबलं. आवाज बसला, कान लाल झाले, पण तक्रारी मिटत गेल्या. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात एकच उरली.

ती घरातच होती. सासूबाई आल्या त्या चार दिवसांसाठी, पण इथली हवा मानवली म्हणून राहिल्या होत्या. आईच्या फोनला हात लावायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद होती. कपातराव रोज त्यांना चहा करून देत, उशी पाठीशी नीट लावून देत आणि समोर उभे राहत.

त्या दिवशीही त्यांनी चहा पुढे ठेवला आणि विषय काढला, की आई, ते एक बटण राहिलंय.

"दाबायचं ना, दाबणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई आहेत ना, किती गोड बोलतात हो. रोज फोन करून विचारपूस करतात. कालच म्हणाल्या, घाई करू नका आई, मनापासून समाधान होईल तेव्हाच दाबा."